निळा प्रकाश आणि माझा चष्मा

[मोबाइल आज घरोघरी आला आहे. त्याच्या पडद्यातून निघणाऱ्या निळ्या प्रकाशाने डोळे बिघडतात, असे पुष्कळ लोक म्हणतात. त्यात खरे किती आणि चुकीचे किती? मालेगावच्या एका उर्दू शाळेतील विद्यार्थिनी आपल्या घरी व शाळेत घडलेल्या प्रसंगांतून या प्रश्नाचे उत्तर सांगत आहे.]

ही गोष्ट गेल्या वर्षीची आहे. मी तेव्हा आठवीत होते आणि भाईजान दहावीत होते. आमचे घर मालेगावात आहे. अब्बा यंत्रमागाच्या कारखान्यात काम करतात. घराच्या दोन खोल्या आहेत आणि आम्ही माणसे सात आहोत.

घरात मोबाइल एकच, तो अब्बांचा. रात्री अब्बा घरी आले, की भाईजान तो मागून घेत. शिकवणीचे धडे आणि जुन्या प्रश्नपत्रिका मोबाइलवरच येत असत. धाकट्या भावंडांना झोप यावी म्हणून अम्मी दहा वाजता दिवा मालवी. मग भाईजान डोक्यावरून चादर घेत आणि आत मोबाइल पाहत बसत. चादरीतून निळसर उजेड दिसे. कधी बारा वाजत, कधी एक वाजे. सकाळी भाईजानचे डोळे लाल झालेले असत. डोके जड होई. अम्मी हाका मारून थकून जाई, तरी ते उठत नसत.

एके दिवशी भाईजान बाजारातून घाईघाईने घरी आले. ते अब्बांना म्हणाले, "अब्बा, माझ्या डोळ्यांना काय झाले आहे ते आज समजले. मोबाइलच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांच्या आतला पडदा जळतो. एका चष्मेवाल्याने मला सांगितले. त्याच्याकडे खास चष्मा मिळतो. तो निळा प्रकाश अडवतो."

"तुला कसे कळले, की तो अडवतो?" अब्बांनी विचारले.

"त्याने मला करून दाखवले. त्याच्याजवळ जांभळ्या उजेडाची एक छोटी बॅटरी आहे. तिचा उजेड साध्या काचेतून आरपार गेला. खास काचेतून मात्र गेला नाही. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले!"

चष्म्याची किंमत बाराशे रुपये होती. अब्बा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ठीक आहे. डोळ्यांपुढे पैसा मोठा नाही. पंधरा दिवस जादा काम करतो."

त्या दिवसापासून अब्बा रोज तीन तास उशिरा घरी येऊ लागले.

आता माझ्याविषयी सांगते. मला मोबाइल फारसा मिळत नसे. त्यामुळे माझ्या डोळ्यांची काळजी कोणालाच नव्हती, मलाही नव्हती. माझी काळजी वेगळीच होती. मला मराठी येत नाही, असे सगळ्यांचे मत झाले होते.

आमचे मराठीचे सर फळ्यावर वाक्ये लिहीत आणि आम्ही ती वहीत उतरवून घेत असू. मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसे. एकदा सरांनी लिहिले, 'पक्ष्यांचा थवा घरट्याकडे परतला.' मी वहीत लिहिले, 'पक्ष्यांचा यवा धरट्याकडे परतला.' सरांनी माझी वही वर्गात वाचून दाखवली. सगळी मुले हसली. दुसऱ्या दिवशी मी 'भात' या शब्दाऐवजी 'मात' लिहिले. सर म्हणाले, "अगं, फळ्यावर पाहून लिहितानाही चुकतेस? लक्ष कुठे असते तुझे?"

माझे लक्ष फळ्याकडेच असे. पण मला 'घ' आणि 'ध', 'थ' आणि 'य', 'भ' आणि 'म' ही अक्षरे सारखीच दिसत. उर्दूच्या तासाला मात्र असे होत नसे. उर्दूतही नुक्ता दिसला नाही, तर 'बे', 'पे' आणि 'ते' सारखेच दिसतात. पण उर्दूचे शब्द माझ्या ओळखीचे होते. अर्धा शब्द दिसला, तरी बाकीचा मला आपोआप समजे. मराठीचे नवे शब्द तसे ओळखता येत नसत.

बसस्थानकावरही तीच गत. नानीला सटाण्याला जायचे असले, की मी तिच्यासोबत स्थानकावर जाई. एसटीची पाटी मला वाचता येत नसे. मी शेजारच्या माणसाला विचारी, "चाचा, ही गाडी कुठली?" नानी म्हणे, "बेटी, तू तर शाळेत मराठी शिकतेस ना?" मी मान खाली घाली.

काही दिवसांनी आमच्या शाळेत नेत्रतपासणी शिबिर भरले. शहरातील एक नेत्रतज्ज्ञ डॉक्टरबाई आल्या होत्या. तपासणीपूर्वी त्यांनी आम्हा सर्वांना सभागृहात बसवले आणि म्हणाल्या, "मुलांनो, आधी तुम्ही मला प्रश्न विचारा. मग मी तुमचे डोळे तपासीन."

मी भाईजानकडे पाहिले. ते उठले आणि त्यांनी विचारले, "बाई, मोबाइलच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांचा पडदा जळतो का?"

डॉक्टरबाई हसल्या. "हा प्रश्न मला रोज कोणीतरी विचारते. आपण नीट समजून घेऊ. पांढऱ्या प्रकाशात सात रंग असतात, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. इंद्रधनुष्यात तेच रंग दिसतात. निळा हा त्यांपैकी एक. प्रकाशाच्या लाटा असतात. त्यांची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ५०० नॅनोमीटर असते. लाल प्रकाशाची त्याहून जास्त, सुमारे ६२० ते ७०० नॅनोमीटर असते. लाट जितकी आखूड, तितकी तिची ऊर्जा अधिक. म्हणून निळ्या प्रकाशाची भीती सांगितली जाते."

"मोबाइलमध्ये हा प्रकाश कुठून येतो?" एका मुलीने विचारले.

"मोबाइलच्या पडद्यात एलईडी नावाचे अगदी छोटे दिवे असतात. लाल आणि हिरवे एलईडी पूर्वीच तयार झाले होते. चांगला उजेड देणारा निळा एलईडी मात्र फार वर्षे कोणालाच जमत नव्हता. जपानमध्ये जन्मलेल्या इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांनी तो बनवला. त्यामुळे कमी विजेवर पांढरा उजेड देणारे दिवे तयार करता आले. या कामाबद्दल २०१४ साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज तुमच्या घरातला दिवा आणि मोबाइलचा पडदा त्याच शोधावर चालतात."

"मग डोळे जळतात की नाही?" भाईजाननी पुन्हा विचारले.

डॉक्टरबाईंनी खिडकीकडे बोट दाखवले. "बाहेर पाहा. आकाश कोणत्या रंगाचे आहे?"

"निळे!" सगळी मुले एकदम ओरडली.

"निळ्या प्रकाशाचा सर्वांत मोठा झरा म्हणजे सूर्य. प्रकाश मोजण्याचे एकक लक्स आहे. आपल्या खोलीत रात्री शंभर ते पाचशे लक्स उजेड असतो. बाहेर सावलीत तो हजारो लक्स असतो आणि भर उन्हात एक लाख लक्सपर्यंत जातो. मोबाइलचा उजेड त्यापुढे फारच थोडा आहे. उघड्या मैदानात खेळून आपल्या डोळ्यांचा पडदा जळत नाही. मग या छोट्या पडद्याने तो कसा जळेल? मोबाइलच्या निळ्या प्रकाशाने माणसाचे दृष्टिपटल बिघडते, असा पुरावा आजवर मिळालेला नाही."

मग त्या क्षणभर थांबल्या. "पण एक गोष्ट विसरू नका. सूर्याकडे सरळ टक लावून कधीही पाहू नका. ग्रहणाच्या वेळी तर मुळीच नाही. त्याने दृष्टिपटलाला खरोखर इजा होते. फार तीव्र प्रकाशाने डोळा दुखतो, ही गोष्ट हजार वर्षांपूर्वी एका विद्वानाने लिहून ठेवली आहे. त्यांचे नाव तुम्हांला माहीत असेल."

"इब्नुल हैसम!" आमच्या विज्ञानाच्या बाई मागून म्हणाल्या.

"बरोबर. इब्नुल हैसम यांचा जन्म इराकमधील बसरा शहरात सुमारे ९६५ साली झाला. पूर्वी काही विद्वान असे मानत, की डोळ्यांतून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, म्हणून आपल्याला दिसते. इब्नुल हैसम यांनी 'किताबुल मनाझिर' या ग्रंथात दाखवून दिले, की प्रकाश वस्तूकडून डोळ्यांत येतो. तीव्र प्रकाशाकडे पाहिले की डोळा दुखतो, हा त्यांनी दिलेल्या पुराव्यांपैकी एक होता. ऐकीव गोष्ट मानायची नाही, तपासून पाहायची, ही त्यांची शिकवण. आपणही तेच करू."

भाईजाननी मग चष्मेवाल्याची आणि त्याच्या बॅटरीची हकीकत सांगितली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्या काचेने जांभळा उजेड अडवला, हे खरे आहे. पण त्यावरून काय सिद्ध झाले? ती काच तो उजेड अडवते, एवढेच. त्या उजेडाने तुझ्या डोळ्यांना त्रास होत होता, हे कुठे सिद्ध झाले? २०२३ साली तज्ज्ञांनी अशा चष्म्यांवर झालेले १७ प्रयोग एकत्र तपासले. साध्या चष्म्यापेक्षा या चष्म्याने डोळ्यांचा थकवा कमी होतो, असे त्यांना आढळले नाही. तो वापरल्याने अपाय होत नाही. पण जो त्रास निळ्या प्रकाशाने झालेलाच नाही, तो निळा प्रकाश अडवून कसा जाईल?"

भाईजान गोंधळून गेले. "पण बाई, माझे डोळे खरोखर जळजळतात. रोज सकाळी ते लाल असतात."

"तुझा त्रास खरा आहे. त्याचे कारण मात्र वेगळे आहे. चला, एक प्रयोग करू. प्रत्येकाने शेजारच्या मुलाच्या डोळ्यांकडे पाहा. तो एका मिनिटात किती वेळा पापण्या मिटतो, ते मोजा."

सभागृहात एकच गडबड उडाली. कोणी बारा सांगितले, कोणी अठरा, कोणी वीस.

"सहज बसलेला माणूस मिनिटाला सुमारे पंधरा वेळा पापण्या मिटतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पापणी मिटली, की अश्रूंचा पातळ थर डोळ्यांवर पसरतो. जमीन पुसतो ना, तशी पापणी डोळा पुसून ओला ठेवते. पडद्याकडे टक लावून पाहताना आपण पापण्या मिटायला विसरतो. त्यांची संख्या निम्म्याहूनही कमी होते. मग डोळा कोरडा पडतो, जळजळतो आणि लाल होतो. दुसरे कारण अंतराचे. जवळचे पाहताना डोळ्यांतील भिंगाभोवतीचे स्नायू आवळले जातात. हाताची मूठ दोन तास घट्ट आवळून ठेवली, तर हात दुखेल की नाही? चादरीत तर मोबाइल अगदी नाकाजवळ येतो. मग डोळे थकणार आणि डोके दुखणार."

"यावर औषध काय?"

"याला औषध नको, सवय हवी. वीस मिनिटे जवळचे पाहिले, की वीस फूट लांबच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. हा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. मोबाइल किमान एक हात दूर धरावा. मुद्दाम पापण्या मिटाव्यात. खोलीत दिवा लावून पाहावे."

मग डॉक्टरबाईंनी सर्वांना विचारले, "निळा प्रकाश अगदी निर्दोष आहे का?"

आम्ही म्हणालो, "हो!"

"नाही. तुम्ही फार लवकर उत्तर दिले. आपल्या मेंदूत एक घड्याळ असते. दिवस कोणता आणि रात्र कोणती, हे ते प्रकाशावरून ठरवते. आपल्या दृष्टिपटलात काही खास पेशी आहेत. २००२ साली शास्त्रज्ञांना त्यांचे काम समजले. वस्तू दाखवणे हे त्यांचे मुख्य काम नाही. त्या मेंदूला कळवतात, की बाहेर उजेड आहे. या पेशींना सुमारे ४८० नॅनोमीटरचा, म्हणजे निळाच प्रकाश सर्वांत जास्त जाणवतो. रात्री मेंदूत मेलॅटोनिन नावाचा रस तयार होतो. आता रात्र झाली, असे तो शरीराला सांगतो. डोळ्यांवर निळा प्रकाश पडत राहिला, तर तो रस उशिरा तयार होतो. शरीर समजते, की अजून दिवसच आहे."

त्या पुढे म्हणाल्या, "२०१५ साली अमेरिकेतील एका प्रयोगाची माहिती प्रसिद्ध झाली. त्यात बारा तरुण माणसे होती. पाच रात्री त्यांनी झोपण्यापूर्वी चार तास उजेडाच्या पडद्यावर पुस्तक वाचले आणि पाच रात्री छापील पुस्तक वाचले. पडद्यावर वाचले, त्या रात्री त्यांना झोप यायला सुमारे दहा मिनिटे जास्त लागली. शरीराचे घड्याळ दीड तास मागे पडले. सकाळी ती माणसे सुस्त होती. म्हणजे निळा प्रकाश डोळा जाळत नाही, पण झोप चोरतो. केवळ पडदा पिवळा करून ही चोरी थांबेल, असेही नाही. कारण आवडीची चित्रे आणि खेळही मनाला जागे ठेवतात. झोपण्यापूर्वी एक तास मोबाइल दूर ठेवणे, हाच खरा उपाय."

भाईजान खाली बसले. ते विचारात पडले होते.

त्यानंतर तपासणी सुरू झाली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला होता. माझी पाळी आली. डॉक्टरबाईंनी माझा डावा डोळा झाकला आणि म्हणाल्या, "वाच."

पहिली ओळ मी वाचली. दुसरी डोळे बारीक करून वाचली. तिसऱ्या ओळीत मला नुसत्या काळ्या मुंग्या दिसत होत्या.

"पुढे?"

माझ्या डोळ्यांत पाणी आले. मी म्हणाले, "बाई, मला मराठी नीट येत नाही."

डॉक्टरबाई थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी तक्ता बदलला. नव्या तक्त्यावर अक्षरे नव्हतीच. तोंड वेगवेगळ्या दिशांना असलेल्या नुसत्या खुणा होत्या. "आता भाषेचा प्रश्न नाही. तोंड कोणत्या बाजूला आहे, ते फक्त हाताने दाखव."

तिसऱ्या ओळीपासून ते मला दाखवता येईना.

त्यांनी माझ्या डोळ्यांपुढे एक चौकट बसवली आणि तिच्यात एकामागून एक भिंगे घातली. तिसरे भिंग घालताच काळ्या मुंग्या थांबल्या आणि त्यांची अक्षरे झाली. मी भराभर वाचू लागले. पहिला तक्ता पुन्हा लावला, तर त्याची शेवटून दुसरी ओळही मला वाचता आली.

"हिला निकटदृष्टिता आहे," डॉक्टरबाई सरांना म्हणाल्या. "हिला जवळचे दिसते, लांबचे धूसर दिसते. बुबुळापासून दृष्टिपटलापर्यंत हिचा डोळा थोडा लांब झाला आहे. म्हणून लांबच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते. अंतर्गोल भिंगाच्या चष्म्याने ती बरोबर जागी पडेल. दोन्ही डोळ्यांना उणे दोन नंबर लागेल."

"पण ही तर मोबाइल पाहत नाही," भाईजान म्हणाले.

"निकटदृष्टिता केवळ मोबाइलने येत नाही. आई-वडिलांना असेल, तर मुलांना येऊ शकते. सतत जवळचे काम करणे आणि दिवसाच्या उजेडात बाहेर न जाणे, हीही कारणे आहेत. ही दुपारी काय करते?"

मी म्हणाले, "शाळा सुटली, की घरी बसून ओढणीवर कशिदा काढते. अंधार पडेपर्यंत."

"रोज थोडा वेळ बाहेर जात जा, बेटा. चीनमधील ग्वांगझो शहरात बारा शाळांमधील पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. काही शाळांत मुलांना रोज चाळीस मिनिटे जादा मैदानावर नेले. तीन वर्षांनी तेथे शंभरांपैकी सुमारे तीस मुलांना निकटदृष्टिता आली. इतर शाळांत ती सुमारे चाळीस मुलांना आली. तैवानने २०१० पासून मुलांना रोज दोन तास बाहेर नेण्याची मोहीम सुरू केली. दिवसाचा उजेड वाढत्या वयाच्या डोळ्यांना फार हिताचा आहे. गंमत पाहा. निळ्या प्रकाशाला घाबरून आपण चष्मे घेतो, आणि निळ्या आकाशाखाली जायचे मात्र विसरतो."

संध्याकाळी सरांनी मला बोलावले. त्यांच्या हातात माझी वही होती. ते म्हणाले, "बेटा, चूक माझी झाली. मी तुझी वही तपासली. तू फळ्याकडे कशी पाहतेस, ते पाहायला हवे होते. उद्यापासून पहिल्या बाकावर बस."

रात्री भाईजाननी अब्बांना सगळी हकीकत सांगितली. शेवटी ते म्हणाले, "अब्बा, तो खास चष्मा मला नको. हिचा चष्मा आधी करा." अब्बांनी साठवलेले पैसे काढले. माझा चष्मा सहाशे रुपयांत झाला. उरलेल्या पैशांतून भाईजाननी जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स काढून आणल्या आणि कोपऱ्यात ठेवायला एक छोटा दिवा आणला. आता रात्री दहा वाजता मोबाइल फडताळात जातो. चादरीतला निळसर उजेड बंद झाला. पंधरा दिवसांत भाईजानच्या डोळ्यांची जळजळ कमी झाली. अम्मीला आता सकाळी एकच हाक मारावी लागते.

अम्मीही लांबचे पाहताना डोळे बारीक करी. ते आम्हांला पूर्वी कधी जाणवले नव्हते. पुढच्या महिन्यात अब्बा तिलाही तपासणीसाठी घेऊन गेले. आता आमच्या घरात दोन चष्मे आहेत.

चष्मा आला, त्याच आठवड्यात नानीला सटाण्याला जायचे होते. आम्ही स्थानकावर उभ्या होतो. लांबून एक गाडी आली. शेजारी एक वृद्ध चाचा उभे होते. त्यांनी मला विचारले, "बेटी, ही गाडी कुठली?"

मी पाटी वाचली आणि म्हणाले, "चाचा, ही मनमाडची. मागून येते आहे ना, ती सटाण्याची."

नानीने माझ्याकडे पाहिले. मग ती चाचांना म्हणाली, "माझी नात शाळेत मराठी शिकते."

शब्दार्थ

यंत्रमाग – विजेवर चालणारा, कापड विणणारा माग
मालवणे – विझवणे
नेत्रतज्ज्ञ – डोळ्यांचे डॉक्टर
थवा – पक्ष्यांचा समूह
तरंगलांबी – लाटेची लांबी
दृष्टिपटल – डोळ्यांच्या आतील मागचा पडदा
भिंग – डोळ्यांतील किंवा चष्म्यातील पारदर्शक काचेसारखा भाग
निकटदृष्टिता – जवळचे स्पष्ट दिसणे व लांबचे धूसर दिसणे
धूसर – अस्पष्ट
कशिदा – कापडावरील सुईदोऱ्याचे नक्षीकाम
फडताळ – भिंतीतील कपाट

वाक्प्रचार

टक लावून पाहणे – एकसारखे पाहत राहणे
मान खाली घालणे – लाज वाटणे
विचारात पडणे – काय करावे ते न सुचणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) भाईजान रात्री मोबाइल कसा पाहत असत?
(२) लेखिकेला कोणती अक्षरे सारखी दिसत?
(३) निळ्या प्रकाशाचा सर्वांत मोठा झरा कोणता?
(४) इब्नुल हैसम यांच्या ग्रंथाचे नाव काय?
(५) डॉक्टरबाईंनी दुसरा तक्ता का लावला?

प्र. २. रिकाम्या जागा भरा.
(१) सहज बसलेला माणूस मिनिटाला सुमारे ______ वेळा पापण्या मिटतो.
(२) रात्री मेंदूत ______ नावाचा रस तयार होतो.
(३) लेखिकेला ______ भिंगाचा चष्मा लागला.

प्र. ३. कारणे लिहा.
(१) भाईजानचे डोळे सकाळी लाल होत असत.
(२) लेखिकेला उर्दूच्या तासाला अडचण येत नसे.
(३) सर म्हणाले, "चूक माझी झाली."

प्र. ४. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) चष्मेवाल्याच्या प्रयोगाने काय सिद्ध झाले आणि काय सिद्ध झाले नाही?
(२) "निळा प्रकाश डोळा जाळत नाही, पण झोप चोरतो." हे वाक्य स्पष्ट करा.

प्र. ५. नजर, बाजार, हकीकत, किंमत हे शब्द उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे वापरतात. असे आणखी पाच शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

प्र. ६. पुढील वाक्यांतील क्रियापदे ओळखा.
(१) अब्बा रोज तीन तास उशिरा घरी येऊ लागले.
(२) मी पाटी वाचली.

उपक्रम : आपल्या घरातील प्रत्येक माणसाला वीस पावलांवरील पाटी वाचायला सांगा. ज्यांना ती वाचता येत नाही किंवा जे डोळे बारीक करून वाचतात, त्यांना डोळे तपासून घेण्यास सांगा.